घरात कौटुंबिक उपासना कशी सुरू करावी आणि मुलांना प्रभूच्या शिस्तीत कसं वाढवावं

बाळाच्या बाप्तिस्म्याला किंवा समर्पणाला आईबाप मंडळीसमोर उभे राहतात आणि मुलाला प्रभूच्या मार्गात वाढवू असं कबूल करतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नेमकं काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. हा लेख त्या दुसऱ्या दिवसासाठी आहे. नव्यानं विश्वासात आलेले, लहानपणी घरात प्रार्थना कधी न पाहिलेले, किंवा दोनदा सुरू करून दोनदा बंद पडलेले असे जे आईबाप आहेत, त्यांनी हे वाचावं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरात मोठा कार्यक्रम उभा करायचा नाही. रोज थोडा वेळ वचन आणि प्रार्थना, आणि चूक झाली की मोठ्यांनीही देवासमोर आणि मुलांसमोर वाकणं, या दोन गोष्टी धरून ठेवल्या की बाकीचं हळूहळू जुळतं. यातली दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे, म्हणून तिच्यावर पुढे जास्त लिहिलं आहे.

आधी आईबापांनी बसायचं

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पाचव्या पुस्तकातला ६:४-९ (सहावा अध्याय, वचनं चार ते नऊ) हा या विषयाचा पाया. तिथला क्रम नीट पाहा. आधी देवावर पूर्ण मनानं प्रीती, मग ही वचनं तुमच्या स्वतःच्या हृदयात, आणि त्यानंतर मुलांच्या मनावर ती बिंबवणं. तीही केव्हा? घरी बसता, वाटेनं चालता, निजता आणि उठता. म्हणजे रोजच्याच वेळा. वेगळी सभा नाही.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात मुलांना काहीच सांगू नका. नवरा-बायकोनं एका संध्याकाळी अर्धा तास बसून चार गोष्टी ठरवा आणि कागदावर लिहा: उपासनेची वेळ कोणती, पुढाकार कोण घेणार, तो घरी नसेल तेव्हा कोण, आणि घरातले पाच-सहा नियम कोणते. शिवाय दोघांनी रोज दहा मिनिटं स्वतःचं वाचन सुरू करायचं. ज्याचं स्वतःचं पवित्र शास्त्र आठवडाभर बंद असतं, त्याचं मुलांपुढचं बोलणं दहा दिवसांत पोकळ वाटू लागतं. मुलांना ते आधी कळतं, आपल्याला नंतर.

पुढाकार बापानं घ्यावा अशी बहुतेक मंडळ्यांची शिकवण आहे, आणि इफिस ६:४ मध्ये पौल बापांना उद्देशूनच बोलतो. पण बाप बोलायला अवघडत असेल तर आईनं वाचावं आणि बापानं शेवटची एका वाक्याची प्रार्थना करावी, इथून सुरुवात झाली तरी चालेल. कोणी वाचायचं यावर वाद घालून उपासनाच राहून जाते, असं होऊ देऊ नका.

वेळ आणि मिनिटं

उपासनेसाठी नवीन वेळ शोधू नका, रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला ती जोडा. रात्रीचं जेवण झाल्यावर सगळे उठण्यापूर्वी, किंवा धाकटं मूल झोपण्यापूर्वी. घड्याळातली वेळ चुकते, जेवण सहसा चुकत नाही.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तीन ते पाच मिनिटं पुरेत. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आठ-दहा मिनिटं. आठ ते बारा वर्षांसाठी पंधरा. त्यापुढे पंधरा-वीस मिनिटं, आणि मूल स्वतः बोलू लागलं तर मग घड्याळाकडे पाहू नका. घरात सगळ्या वयांची मुलं असतील तर धाकट्याच्या हिशेबानं सुरुवात करा आणि त्याची मिनिटं संपली की त्याला शेजारी चित्रं काढू द्या. तो ऐकत असतोच.

आठवड्यातून पाच दिवस धरा. सात दिवसांचा संकल्प करणारी घरं पहिला खाडा पडला की अपराधी मनानं पूर्ण थांबतात. पाचाच्या हिशेबात दोन दिवस सुटले तरी गाडी चालू राहते. मोबाइल दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेही.

उपासना बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पहिल्याच दिवशी तीन गीतं, एक अख्खा अध्याय, बापाचं प्रवचन आणि प्रत्येकाची लांब प्रार्थना असा पाऊण तास. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात कुरकुर, तिसऱ्यात काही नाही. मुलांना 'एवढंच?' असं वाटेल तिथे थांबा.

एक बैठक जवळून

क्रम साधा ठेवा: एक कडवं, वाचन, दोन-तीन प्रश्न, प्रार्थना. उदाहरणासाठी मार्क ४:३५-४१ घेऊ, वादळ शांत करण्याचा उतारा. सातच वचनं आहेत.

वाचण्याआधी मुलांना शोधायला एक गोष्ट द्या: "येशू नावेत कुठे होता आणि त्याच्या डोक्याखाली काय होतं, ते ऐकून सांगा." मग सावकाश वाचा. वाचता येणाऱ्या मुलाला मधली दोन वचनं द्या. अडखळला तर शब्द हळूच सांगा, तिथे शुद्ध वाचनाचा तास घेऊ नका.

वाचून झालं की चार वर्षांच्या मुलाला तोच प्रश्न. तो 'मागे, उशीवर' म्हणाला की त्याचं काम झालं. आठ वर्षांच्या मुलीला विचारा, शिष्यांनी येशूला उठवून काय म्हटलं? आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का, असं. तुला कधी असं वाटलंय का, की देवाला माझी काळजी नाही? इथे गप्प बसा. दहा सेकंद शांतता राहिली तरी स्वतः उत्तर देऊ नका. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला याहून खोल प्रश्न लागतो: वादळात शिष्य घाबरले हे समजण्यासारखं आहे, पण वादळ थांबल्यावर ते आणखी घाबरले, असं का? 'हा आहे तरी कोण' या त्यांच्या प्रश्नापर्यंत तो स्वतः पोचला, तर त्या रात्रीचं शिक्षण झालं.

प्रार्थना त्याच उताऱ्यातून: "प्रभू, तू वाऱ्याला थांबवतोस. उद्याच्या परीक्षेची आम्हाला भीती वाटते. आमच्याबरोबर राहा." आमेन. सगळं मिळून दहा मिनिटं.

प्रत्येक उताऱ्याला हेच तीन प्रश्न चालतात: काय घडलं? देवाविषयी काय कळलं? त्यामुळे आज आपण काय करू किंवा काय मागू? मधला प्रश्न गाळला की प्रत्येक गोष्ट 'दावीदासारखा शूर हो, दानीएलासारखा धीट हो' एवढ्यावरच संपते. मुलाला वाटू लागतं की ख्रिस्ती असणं म्हणजे चांगलं वागून दाखवणं, आणि जमलं नाही की ते देवापासून लपू लागतं. गल्याथाच्या गोष्टीत तारण कुणी दिलं हे दावीद स्वतःच १ शमुवेल १७:४७ मध्ये सांगतो. ते मुलांना वाचून दाखवा.

पहिल्या वर्षी काय वाचायचं

मार्कापासून सुरू करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं, आणि त्यात घटना भराभर पुढे सरकतात. रोज बारा-पंधरा वचनं आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर दहा-अकरा आठवड्यांत ते पूर्ण होतं. एक अख्खं पुस्तक आपण घरी वाचून संपवलं, याचा आनंद मुलांना फार होतो.

त्यानंतर उत्पत्ती, पण निवडून: १ ते ४, ६ ते ९, १२ ते २२, मग याकोब आणि शेवटी ३७ ते ५० मधला योसेफ. अडतिसावा अध्याय लहान मुलांसमोर तूर्त बाजूला ठेवा. पुढे निर्गम १ ते २०, रूथ आणि योना (दोन्ही चार-चार अध्यायांची), १ शमुवेल, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये. आठवड्यातला एक दिवस स्तोत्रसंहितेला द्या. किशोरवयीन मुलांना नीतिसूत्रे आवडतात. अध्याय ३१ आहेत, तेव्हा महिन्याच्या तारखेचा अध्याय उघडायचा आणि त्यातलं एकच वचन निवडून त्यावर बोलायचं.

पहिल्या पानापासून सरळ शेवटपर्यंत वाचू म्हणणारी घरं बहुधा निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या मापांपाशी अडतात, आणि तिथून निघाली तर लेवीयाच्या यज्ञविधींत. तो भाग महत्त्वाचा आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला तो समजावण्याइतकी तयारी आईबापांची होईपर्यंत थांबा. भाषांतर मुलांना कळेल असं एकच निवडा आणि पाठांतरही त्याच्यातूनच करा, नाही तर दोन भाषांतरांचे शब्द डोक्यात मिसळतात.

मुलांना प्रार्थना करायला शिकवताना

चार वाक्यांचा साचा द्या: देवा, तू असा आहेस. माझं हे चुकलं. याबद्दल तुझे आभार. हे आम्हाला दे. पाच वर्षांच्या मुलाला एवढं जमतं. त्यानं खेळण्यासाठी किंवा हरवलेल्या मांजरासाठी प्रार्थना केली तर दुरुस्त करू नका. प्रभूची प्रार्थना (मत्तय ६:९-१३) दर आठवड्याला एक ओळ याप्रमाणे अर्थासहित शिकवा. घाईनं पाठ करून घेतलेली प्रार्थना पुढे अनेक वर्षं तोंडातून अर्थाशिवाय निघत राहते.

एक चूक फार घरांत होते आणि ती करणाऱ्याला दिसत नाही. "प्रभू, याला अभ्यास करायची बुद्धी दे, याचं उलट बोलणं बंद कर," अशी प्रार्थना मुलाच्या देखत केली जाते. मूल डोळे मिटून ऐकत असतं आणि समजतं की हे देवाशी बोलणं नाही, आपल्यालाच बोलणं आहे. मुलाच्या दोषांविषयी एकांतात, अश्रू ढाळून प्रार्थना करा. त्याच्या समोर त्याच्याबद्दल आभार माना.

एक वही ठेवा. डावीकडे तारीख आणि विनंती, उजवीकडे उत्तर आणि त्याची तारीख. 'नाही' असं उत्तर आलं तर तेही लिहा. आजारी नातेवाईक बरे झाले नाहीत, असं एखादं पान त्या वहीत येईल. ते फाडू नका, त्यावर बोला. ज्या घरात फक्त मनासारखी उत्तरं मोजली जातात, तिथल्या मुलाचा विश्वास पहिल्या मोठ्या दुःखात डळमळतो.

पाठांतर आणि प्रश्नोत्तरी

आठवड्याला एक वचन. सोमवारी वाचून अर्थ सांगायचा, मंगळवारपासून अर्धं-अर्धं म्हणायचं, शुक्रवारी न पाहता. पुढच्या आठवड्यात नवं वचन घेण्याआधी मागची तीन उजळायची. हे उजळणं सोडलं तर महिन्यात सगळं पुसलं जातं. पहिल्या दहासाठी ही वचनं चांगली: उत्पत्ती १:१, स्तोत्र २३:१, स्तोत्र ५६:३, नीतिसूत्रे ३:५, मत्तय ११:२८, योहान ३:१६, रोम ५:८, इफिस ४:३२, फिलिप्पै ४:६, १ योहान १:९. शिक्षा म्हणून वचन पन्नासदा लिहायला कधीही लावू नका. ते वचन त्या मुलासाठी जन्मभर कडू होतं.

मोठ्या मुलांना प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची मूळ शिकवण प्रश्न आणि उत्तरांच्या रूपात देणारी पुस्तिका, उपयोगी पडते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी लिहिली. त्याआधी सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी दिल्यावर साध्या लोकांना दहा आज्ञाही ठाऊक नाहीत, हे त्याला दिसलं होतं. घरातल्या कर्त्यानं आपल्या घरच्यांना शिकवावं म्हणून ती मुद्दाम सोपी ठेवली. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी (१५६३) ५२ रविवारांत विभागलेली आहे. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीत १०७ प्रश्न आहेत. तुमच्या मंडळीत कोणती चालते ते पाळकांना विचारा आणि तीच घ्या. आठवड्याला एकच प्रश्न.

शिस्त

बहुतेक घरांत इथेच गाठ बसते. पौल एकाच वाक्यात दोन बाजू धरतो: मुलांना चिरडीस आणू नका, आणि त्यांना प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवा (इफिस ६:४). कलस्सै ३:२१ मध्ये तो कारणही सांगतो, नाही तर मुलं खचून जातील. काही घरं पहिली बाजू सोडतात, काही दुसरी. याजक एलीनं आपल्या मुलांना बोल लावला पण आवरलं नाही (१ शमुवेल ३:१३). दावीदानं आपला मुलगा अदोनीया याला 'तू असं का केलंस' असं कधी विचारून दुखवलंही नाही (१ राजे १:६). याकोबानं योसेफाचे जास्त लाड केले आणि भावांच्या मनात द्वेष पेरला. शास्त्र या घरांचे दोष झाकत नाही, म्हणून आपल्यालाही शिकता येतं.

सुरुवात नियमांपासून. पाच-सहाच, सगळ्यांना पाठ असलेले: खरं बोलायचं, कुणाला मारायचं नाही, हाक मारली की ओ द्यायची, दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यायची, बाहेर जाताना सांगून जायचं. वीस नियम असले की आईबाप स्वतःच विसरतात, आणि त्या दिवशी मूड असेल तसं मुलाला बोलणं बसतं. यासारखं चिरडीला आणणारं दुसरं काही नाही.

मग बालिशपणा आणि आज्ञाभंग यांत फरक करा. पाणी सांडलं, वही विसरली, पाहुण्यांसमोर उड्या मारल्या, हा बालिशपणा. त्याला शिकवण लागते, शिक्षा नाही. खोटं बोलणं, जाणूनबुजून धाकट्याला दुखावणं, तोंडावर नकार देणं, याला शिस्त लागते. थकलेल्या, भुकेल्या मुलाला आधी खायला घाला आणि झोपवा.

प्रत्यक्ष शिस्त लावताना हा क्रम धरा. मुलाला बाजूला न्या. भावंडांसमोर किंवा पाहुण्यांसमोर नको. स्वतःचा राग चढलेला असेल तर "मी दहा मिनिटांनी येतो" असं सांगून खरंच दहा मिनिटांनी या. तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत मात्र लगेच बोलावं लागतं, दहा मिनिटांनी त्याला काही आठवत नाही. मग विचारा, काय झालं? एदेन बागेत देवाला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं आदामाला आधी प्रश्नच विचारला. पूर्ण ऐकून घ्या. त्यानंतर चुकीला तिच्या नावानं हाक मारा: "हे खोटं बोलणं आहे." 'तू खोटारडा आहेस' असं म्हणू नका. परिणाम आधीपासून ठाऊक असलेला, छोटा आणि चुकीशी जोडलेला असावा. खेळणं मुद्दाम तोडलं तर आपल्या खेळण्यांतलं एक द्यायचं. वेळ पाळली नाही तर उद्याचा वेळ कमी. ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायला लावा, भरपाई करायला लावा. आणि मग तोंडानं, ऐकू येईल असं म्हणा, "मी तुला क्षमा केली." जवळ घ्या, दोन वाक्यांची प्रार्थना करा. विषय संपला. पुढच्या महिन्यात भांडणात तो पुन्हा उकरून काढला, तर क्षमा म्हणजे काय हे मुलाला चुकीचं शिकवलं जातं.

न पाळलेली धमकी हा यातला मोठा खड्डा आहे. 'पुन्हा केलंस तर महिनाभर बाहेर सोडणार नाही,' असं म्हणून संध्याकाळी सोडलं, की शब्दाची किंमत गेली. छोटं बोला, पण तेच करा. दुसरा खड्डा देवाच्या नावाचा: 'असं केलंस तर देव तुला शिक्षा करील, येशू तुझ्यावर प्रेम करणार नाही.' हे खोटं आहे. रोम ५:८ सांगतं की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. मुलाला गप्प करण्यासाठी शुभवर्तमानाचाच बळी देऊ नका.

मारण्याबद्दल. नीतिसूत्रांतली छडीची वचनं पुढे करून मुलांना मारलं जातं, म्हणून इथे मोघम बोलून चालणार नाही. त्या वचनांचा रोख असा की मुलाला मोकाट सोडणं हे प्रेम नाही, आणि ते खरं आहे. पण रागाच्या भरात उठलेला हात शिस्त लावत नाही, तो स्वतःचा राग काढतो. माणसाच्या रागानं देवाचं नीतिमत्त्व घडत नाही, हे याकोब १:२० मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. मार खाणारं मूल चूक सोडायला शिकत नाही, लपवायला शिकतं. स्वीडननं १९७९ साली मुलांना मारण्यावर कायद्यानं बंदी घातली आणि त्यानंतर कितीतरी देशांनी तसंच केलं. वर दिलेला क्रम सातत्यानं पाळला तर हात उगारण्याची गरज पडत नाही. सातत्य मात्र हवं, आणि ते मारण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे.

आईबापांनी क्षमा मागणं

उपासना चुकली तर एक दिवस जातो. हे चुकलं तर सगळंच पोकळ होतं. बाप रात्री वचन वाचतो आणि सकाळी सगळ्यांवर ओरडतो, असं चाललं तर मूल वाचनावर नाही, ओरडण्यावर विश्वास ठेवतं. ओरडणं कधीच होणार नाही असं घर नसतं. त्यानंतर काय होतं, तिथे ख्रिस्ती घराची ओळख पटते.

शब्द असे असावेत: "सकाळी मी तुझ्यावर ओरडलो आणि तुला मूर्ख म्हणालो. ते पाप होतं. मी देवाची क्षमा मागितली आहे. तुझीही मागतो." इथे थांबायचं. 'पण तूही' हे दोन शब्द आले की क्षमा मागणं संपतं आणि खटला सुरू होतो. मुलाचं जे चुकलं त्यावर वेगळ्या वेळी बोला. मूल लगेच 'ठीक आहे' म्हणेलच असं नाही. त्याच्यावर जबरदस्ती करू नका, दुसऱ्या दिवशी वागण्यातून दाखवा. यानं आपला मान कमी होईल अशी भीती अनेकांना वाटते. उलट होतं. आईबापही कुणाच्या तरी अधिकाराखाली आहेत हे मुलाला दिसतं, आणि त्यांच्या अधिकाराखाली राहणं त्याला सोपं जातं.

नवरा-बायकोमध्येही हेच. इफिसकरांस पत्रात मुलांविषयीचा मजकूर सहाव्या अध्यायात येतो. त्याच्या आधी पाचव्यात पती-पत्नींविषयी आहे, आणि तिथे पतीपुढे ठेवलेलं माप म्हणजे मंडळीसाठी स्वतःला देणारा ख्रिस्त. मुलांसमोर भांडण झालं असेल तर समेटही मुलांसमोर करा. बंद दाराआड समेट झाला तर मुलांना फक्त भांडण ठाऊक राहतं. मात्र घरात मारहाण असेल तर तो वधस्तंभ म्हणून सोसण्याचा विषय नाही. स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या, विश्वासू माणसाला सांगा, कायद्याची मदत घ्या. पत्नीनं पतीच्या अधीन राहण्याचं वचन पुढे करून कुणी गप्प बसायला सांगत असेल तर ऐकू नका.

एकेकट्यासाठी वेळ

सगळ्यांच्या बैठकीत काही मुलं कधीच मोकळी होत नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एप्वर्थ इथे सुझाना वेस्ली हिनं, म्हणजे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या आईनं, घर भरलेलं असतानाही प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवली होती. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. जॉननं पुढे मोठेपणी आईला लिहिलेल्या पत्रात त्या गुरुवारच्या वेळेची आठवण काढली. आठवड्यातून वीस मिनिटं, एकच मूल, हातात पुस्तक नाही. चालत चालत बोललात तर आणखी बरं, शेजारी चालणाऱ्याशी मुलं समोर बसलेल्यापेक्षा जास्त बोलतात. "या आठवड्यात कशाची भीती वाटली?" एवढा प्रश्न पुरतो.

रविवार आणि मंडळी

शनिवारी रात्रीच कपडे, पवित्र शास्त्र आणि दानाचे पैसे काढून ठेवा. रविवारची सकाळ ओरडण्यात गेली तर उपासनेत बसून काही उपयोग होत नाही. परत येताना विचारा, कोणतं वचन आठवतं? कोणतं गीत आवडलं? पाळकांच्या संदेशाची चिरफाड मुलांच्या देखत करू नका. मुलाला स्वतःच्या पैशांतून दान देऊ द्या, आजाऱ्याला भेटायला जाताना बरोबर न्या. आणि मंडळीतलाच झाला म्हणून कोणत्याही मोठ्या माणसाबरोबर मूल बंद खोलीत एकटं राहणार नाही, हा नियम न लाजता पाळा.

किशोरवयीन मुलं

बैठकीला हजर राहणं हा घराचा नियम असू शकतो. मोठ्यानं प्रार्थना करायला लावणं नको. विश्वास हुकमानं येत नाही, आणि हुकमानं आलेले शब्द ढोंग शिकवतात. शंका विचारली की दचकू नका. "देव असेल तर दुःख का?" याला त्याच क्षणी उत्तर द्यायलाच हवं असं नाही. "चांगला प्रश्न आहे, मला वाचावं लागेल, शनिवारी बोलू," असं म्हणा आणि शनिवारी खरंच बोला. येशू पुन्हा उठला यावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला येशूनं हाकलून दिलं नाही, जखमा दाखवल्या. मोबाइलचे नियम मोठ्यांनाही तेच ठेवा: जेवताना नाही, उपासनेत नाही, रात्री सगळ्यांचे एका ठरलेल्या जागी.

एकटे पालक, किंवा एकच जण विश्वासात

तीमथ्याचा बाप ग्रीक होता. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून आलेला, असं पौल लिहितो (२ तीमथ्य १:५), आणि बालपणापासून त्याला शास्त्र ठाऊक होतं. तेव्हा तुमचं घर अर्धवट आहे असं मानू नका. जोडीदाराला मान्य असेल ती वेळ निवडा, अगदी झोपताना मुलाच्या अंथरुणावर पाच मिनिटं. 'तुझ्या बाबांचं तारण झालेलं नाही' असं मुलाच्या कानात भरवू नका. त्याला दोघांचा मान ठेवायची आज्ञा आहे, ती पाळणं त्याला अवघड करू नका.

मोठं झालेलं मूल विश्वासापासून दूर गेलं तर आईबाप नीतिसूत्रे २२:६ (मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हणजे म्हातारपणीही तो तो सोडणार नाही) हातात घेऊन स्वतःला दोष देत बसतात. ते सुज्ञ माणसाचं अनुभवाचं बोल आहे, हमीपत्र नाही. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की मी मुलांना वाढवलं आणि त्यांनी माझ्याविरुद्ध बंड केलं. प्रत्येक फोनवर उपदेश करू नका. वाढदिवस लक्षात ठेवा, घराचं दार उघडं ठेवा, आणि प्रार्थनेच्या वहीत त्याचं नाव डावीकडच्या रकान्यात राहू द्या.

खंड पडला तर

आजारपण, परीक्षा, प्रवास, नाही तर नुसता कंटाळा. खंड पडणारच. पुन्हा सुरू करताना मागचं भरून काढायचं नाही, नवा आराखडा आखायचा नाही, मुलांना दोष द्यायचा नाही. खूण जिथे आहे तेच पान उघडा. पहिल्या दिवशी पाच वचनं, एक प्रश्न, एक प्रार्थना. तीन आठवड्यांपेक्षा मोठा खंड असेल तर वेळच चुकीची निवडली आहे असं समजा आणि ती बदला. जेवणानंतर जमत नसेल तर सकाळी घराबाहेर पडण्याआधीची सात मिनिटं वापरून पाहा.